आठ टीबीची डिस्क अर्धीमुर्धी का दिसते? पार्टिशनचं टूल निवडण्याआधी आकडा वाचा

लग्नसराई ओसरली की माझा फोन वाजायला लागतो. दादर, गिरगाव, डोंबिवली, कुठूनही. फोटोग्राफर मंडळी सीझनचं सगळं फुटेज एका मोठ्या डिस्कवर गोळा करायला बसलेली असतात आणि नेमकं तेव्हाच काहीतरी अडतं. "दादा, आठ टीबीची घेतली, दीडसुद्धा दिसत नाही." "काल चालत होती, आज फॉरमॅट कर म्हणते." आणि पाठोपाठ, श्वासही न घेता: "कुठलं सॉफ्टवेअर टाकू?"

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: आकडा नेमका किती दिसतोय? "दीडच्या आसपास" असं नको. १३०८ की १६७८ की ९३१, तो आकडा वाचून सांगा. कारण मोठ्या डिस्कच्या भानगडीत आकडा चुकीचा असला तरी तो उगाच चुकीचा नसतो. कोण खोटं बोलतंय ते त्या आकड्यातच लिहिलेलं असतं. तो न वाचता टूल शोधणारा माणूस डिस्क दुरुस्त करत नाही, पुसतो.

आणि हे सगळं होईपर्यंत एक पथ्य पाळा. विंडोज "इनिशियलाइझ करायचं का?" किंवा "वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल" असं विचारत असेल आणि डिस्कवर जुना डेटा असेल, तर कॅन्सल. दरवेळी कॅन्सल. घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

आकडा कुठे वाचायचा

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. डाव्या टोकाला राखाडी चौकोन, त्यात "डिस्क १", "डिस्क २" आणि खाली एक आकडा. उजवीकडे पार्टिशनचे तुकडे, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, प्रत्येकाचा आपापला आकडा. बहुतेक लोक फक्त उजवीकडे बघतात. पण डावा आकडा आणि उजवे आकडे हे दोन वेगवेगळ्या साक्षीदारांचे जबाब आहेत. डावा आकडा म्हणजे केबलच्या पलीकडच्या हार्डवेअरने "मी एवढी मोठी आहे" असं सांगितलेलं माप. उजवीकडचे आकडे पार्टिशन टेबलात, म्हणजे कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत याच्या डिस्कवरच्या यादीत, लिहिलेले असतात. दोघांत फारकत कुठे पडते ते कळलं की अर्धं काम झालं.

लिनक्सवाल्यांनी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला साइझ, मॉडेल, सिरियल, लॉग-सेक आणि फाय-सेक हे रकाने मागावेत. शेवटचे दोन, म्हणजे सेक्टरची (डिस्क मोजायच्या सगळ्यात लहान तुकड्याची) मापं, पुढे फार कामाला येणार आहेत. (आज्ञा मी बोलतो तशाच इथे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

एक गैरसमज इथेच मिटवू. डब्यावर ८ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ७.२७ टीबी किंवा ७४५२ जीबी दिसते, आणि ते बरोबर आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ४ टीबी म्हणजे विंडोजच्या भाषेत ३.६३. कोणी काही खाल्लेलं नाही, दुकानदाराशी भांडू नका.

डावा आकडाच लहान: १३०८, १६७८, ७४६

राखाडी चौकोनातच ७४५२ ऐवजी १३०८ असेल, तर दोष पार्टिशनचा नाही. मधल्या कोणालातरी मोठा आकडा बोलताच येत नाही.

हिशोब सोपा आहे. डिस्क स्वतःला ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजते. ८ टीबीच्या डिस्कवर असे १५,६२,८०,५३,१६८ सेक्टर असतात. जुन्या यूएसबी डॉकमधल्या (डिस्क खोचून यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीतल्या) चिपकडे सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिटांचाच रकाना असतो, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६. त्यापुढचा आकडा त्यात मावत नाही. मग जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं तसं होतं. दर २०४८ जीबीला मीटर फिरतं. ७४५२ मधून २०४८ तीनदा वजा करा, राहतात १३०८. ३ टीबीच्या डिस्कचे असेच ७४६ होतात, ४ टीबीचे १६७८, ६ टीबीचे १४९३, १० टीबीचे ११२२. १६ टीबीची तर सगळ्यात गंमत, ५६६ जीबी दिसते आणि माणसाला वाटतं आपण पुरते फसलो.

काही चिप आकडा न फिरवता २०४८ वरच थांबतात. तेही त्याच कुळातलं. जुन्या मदरबोर्डवर कधी कधी डॉक नसतानाही हा प्रकार दिसतो. तिथे दोषी असतो जुना स्टोरेज ड्रायव्हर, आणि तो बदलला की आकडा जागेवर येतो.

इथे जगातलं कुठलंही पार्टिशन टूल काही करू शकत नाही. फुकटचं नाही, पाच हजारांचंही नाही. डॉक बदला, ड्रायव्हर बदला, किंवा डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा केबलवर (कॅबिनेटच्या आत डिस्क जोडायची नेहमीची केबल) लावा. केबलवर लावल्यावर डावा आकडा ७४५२ झाला की दोष कुठे होता ते समजलं.

पण इथे एक खड्डा आहे. डिस्कवर आधीचं चांगलं जीपीटी (पार्टिशन टेबलाची नवी पद्धत) पार्टिशन असेल आणि तुम्ही ती अशा आखूड डॉकला लावली, तर काही टूल म्हणतात, "टेबलाची मागची प्रत सापडत नाही, दुरुस्त करू का?" जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. टूलला वाटतंय की डिस्क १३०८ जीबीलाच संपते. तुम्ही हो म्हणालात तर ते ती प्रत तिथे, म्हणजे कोणाच्या तरी वरातीच्या व्हिडिओच्या मधोमध, नेऊन लिहील. डावा आकडा खरा होईपर्यंत कुठल्याही टूलला काहीही लिहू द्यायचं नाही.

डावा बरोबर, उजवीकडे २०४८ आणि ५४०४

हा सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात सोपा प्रकार. डावीकडे ७४५२ बरोबर आहे. उजवीकडे पट्टीचे दोन तुकडे पडलेत, २०४८ आणि ५४०४, आणि दुसऱ्या तुकड्यावर राइट क्लिक केलं तर "न्यू सिंपल व्हॉल्यूम" फिकट पडलेलं, दाबता येत नाही. इनिशियलाइझ करताना कोणीतरी एमबीआर, म्हणजे पार्टिशन टेबलाची जुनी पद्धत, निवडलंय.

एमबीआरचं पार्टिशन टेबल १९८३ चं आहे. पीसी डॉस २.० आणि आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आलं, तेव्हा त्या मशिनची हार्ड डिस्क १० एमबीची होती. दहा एमबीसाठी ३२ बिटांचा रकाना ठेवणाऱ्याने कंजूषपणा केला असं म्हणता येणार नाही. पण ३२ बिट गुणिले ५१२ बाइट म्हणजे २ टीबीच, आणि २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्यावर ती भिंत सगळ्यांच्या डोक्याला लागली. जीपीटीमध्ये रकाना ६४ बिटांचा आहे. टेबलाच्या दोन प्रती असतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी, दोन्हींवर चेकसम (बिघाड पकडणारा तपासणीचा आकडा) असतो, आणि नेहमीच्या मांडणीत १२८ पार्टिशनांची सोय असते. आजच्या घडीला २ टीबीच्या वरच्या डिस्कवर एमबीआर ठेवायचं मला तरी एकच कारण माहीत आहे: कोणीतरी न वाचता नेक्स्ट दाबलं.

डिस्क रिकामी असेल तर दोन मिनिटांचं काम. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळे व्हॉल्यूम डिलीट करा, डाव्या राखाडी चौकोनावर राइट क्लिक करून "कन्व्हर्ट टू जीपीटी" दाबा. व्हॉल्यूम शिल्लक असतील तर हा पर्याय फिकटच राहतो, तो बिघाड नव्हे.

पहिल्या २ टीबीमध्ये डेटा भरलेला असेल, आणि तो बहुधा असतोच, तर जीडिस्क. हे टूल एमबीआर डिस्क उघडल्यावर तेच टेबल जीपीटीच्या रूपात मेमरीत मांडतं, डेटाला हात लावत नाही आणि तुम्ही "डब्ल्यू" दाबेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही. जीपीटीच्या मागच्या प्रतीला शेवटी ३३ सेक्टर मोकळे लागतात. एमबीआरने शेवटचे ५४०४ जीबी वापरू दिलेच नाहीत, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. नंतर विंडोजमध्ये येऊन "एक्स्टेंड व्हॉल्यूम". मी हे बऱ्याचदा केलंय आणि एकदाही अंगाशी आलेलं नाही. तरी दर खेपेला आधी बॅकअप मागतो, आणि बॅकअप नसेल तर दुसरी डिस्क घेऊन या म्हणतो. लोक रागावतात, मग घेऊन येतात.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारं एमबीआर२जीपीटी इथे वापरायला जाऊ नका. ते विंडोज ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कसाठी आहे, डेटाच्या डिस्कला ते नाही म्हणतं.

९३१ जीबी आणि रॉ

आता तो प्रकार, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

गिरगावातला एक फोटोग्राफर. मागच्या पावसाळ्यात त्याच्या बाहेरच्या हार्ड डिस्कचा अडॅप्टर गेला. केसिंग (डिस्कचा बाहेरचा डबा) जुनं, आत डिस्क ८ टीबीची, तिच्यावर चार-पाच वर्षांची लग्नं, मुंजी, दोन शाळांची स्नेहसंमेलनं. त्याने यूट्यूब बघून केसिंग उघडलं, डिस्क बाहेर काढली आणि सरळ कॅबिनेटमध्ये साटा केबलला लावली. डोकं चाललं त्याचं, मीही तेच केलं असतं. विंडोजने विचारलं, "फॉरमॅट करू?" त्याने घाबरून मशिन बंद केलं आणि मला फोन लावला. त्याच्या या घाबरण्यानेच पुढचं सगळं सोपं केलं.

आकडा विचारला. डावीकडे ७४५२, बरोबर. उजवीकडे एक पार्टिशन, ९३१.५ जीबी, रॉ, म्हणजे आत काय आहे ते विंडोजला ओळखता न आलेलं. बाकी सगळं अनअलोकेटेड, कुठल्याच पार्टिशनला न दिलेलं.

७४५२ ला ८ ने भागा. ९३१.५ येतात. बरोब्बर एक अष्टमांश. हा आकडा ऐकला तेव्हाच मी त्याला म्हटलं, चहा घे, डेटा जागेवर आहे.

झालं होतं असं. विंडोज एक्सपीला २ टीबीच्या वरची डिस्क दाखवता यावी म्हणून काही जुन्या केसिंगमधली चिप एक हुशारी करायची. कॉम्प्युटरला ती सांगायची की माझे सेक्टर ५१२ चे नाहीत, ४०९६ बाइटचे आहेत. सेक्टर आठपट मोठा, म्हणजे सेक्टरची संख्या एक अष्टमांश, म्हणजे त्याच ३२ बिटांच्या रकान्यात २ ऐवजी १६ टीबी मावतात. एमबीआर टेबलात नोंद झाली: पार्टिशन सेक्टर २५६ पासून सुरू. ४०९६ च्या हिशोबाने २५६ वा सेक्टर म्हणजे १०,४८,५७६ बाइट, बरोबर १ एमबी. केसिंगच्या बाहेर मात्र तीच डिस्क ५१२ ने मोजते. टेबलात आकडा २५६ च, पण आता तो १,३१,०७२ व्या बाइटवर बोट दाखवतो. तिथे काहीच नाही. विंडोज म्हणतं, रॉ. आणि पार्टिशनची लांबीही त्याच मापाने आठपट आखूड, म्हणून ९३१.

पत्ता तोच, पण एकाने पावलांत मोजलेला आणि दुसऱ्याने वितींत. घर हललेलं नाही.

केसिंगमध्ये जीपीटी असतं तर लक्षण थोडं वेगळं दिसलं असतं. जीपीटीचा मथळा सेक्टर १ वर असतो, म्हणजे केसिंगच्या मते ४०९६ व्या बाइटवर आणि साटाच्या मते ५१२ व्या. तिथे काहीच न सापडल्यामुळे अशा वेळी विंडोज फॉरमॅटऐवजी बऱ्याचदा इनिशियलाइझ विचारतं. तो ओके जास्त घातक. नवं ५१२ चं टेबल जिथे लिहिलं जातं, तिथेच जुन्या ४०९६ च्या टेबलाचा मथळा बसलेला असतो, आणि हे डिस्कच्या दोन्ही टोकांना होतं.

उपाय दोन. सरळ मार्ग म्हणजे तेच केसिंग दुसऱ्या अडॅप्टरने चालू करणं. अडॅप्टर १२ व्होल्टचा, अँपिअर मूळच्यापेक्षा कमी नकोत, पिन बसली पाहिजे. केसिंगची चिपही गेली असेल तर लिनक्स. मी सिस्टमरेस्क्यूचा (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) पेनड्राइव्ह खिशातच ठेवतो. त्यात लॉसेटअपने डिस्कवर एक लूप डिव्हाइस (खऱ्या डिस्कवर चढवलेली आभासी डिस्क) बसवायचं: सेक्टर-साइझ ४०९६, पार्टस्कॅन चालू आणि रीड-ओन्ली. रीड-ओन्ली विसरलात तर सगळी काळजी वाया. लिनक्सला आता ती डिस्क केसिंगच्या चष्म्यातून दिसते. लूप०पी१ नावाचं पार्टिशन उगवतं, ७.३ टीबीचं, आत एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम, म्हणजे पार्टिशनच्या आत फाइली मांडायची पद्धत). तेही रीड-ओन्ली माउंट करायचं. पहिला फोल्डर दिसला, "किरण-वैदेही साखरपुडा फायनल फायनल २", आणि फोटोग्राफर खुर्चीत मागे टेकला.

मग डेटा नव्या डिस्कवर उतरवला. सेकंदाला १५० एमबी धरले तर पूर्ण ८ टीबीला जवळपास १५ तास लागतात. हेच यूएसबी २ च्या पोर्टने, सेकंदाला ३५ एमबीने करायला गेलात तर अडीच दिवसांच्या वर. निळं (यूएसबी ३ चं) पोर्ट शोधा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलसंख्या आणि साइझ जुळवली, आठवडाभर जुनी डिस्क कपाटात ठेवली, आणि त्यानंतरच ती थेट साटावर नव्याने जीपीटी केली.

डिस्क केसिंगमधून काढून लगेच "दुरुस्ती" करणारं टूल चालवणाऱ्यांचे फोनही मला येतात. त्यांच्यासाठी टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशनं शोधणारं टूल. त्यात जॉमेट्रीच्या मेनूत सेक्टरचं माप ४०९६ करून मग स्कॅन करायचं, नाहीतर ते रात्रभर ५१२ च्या हिशोबाने शोधत बसतं आणि काहीतरी भलतंच काढून दाखवतं.

डिस्क दिसतच नाही

थोडक्यात. मोठ्या केसिंगमधून काढलेली किंवा सर्व्हरची काही डिस्क जुन्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर) फिरतच नाही. साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की नव्या नियमाप्रमाणे ती डिस्क "बंद राहा" असा निरोप समजते. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडणीवरून) साटा काढणारी वायर वापरा, तिच्यात ३.३ व्होल्ट नसतात. लोक पिनवर कॅप्टॉन टेपही (वीज अडवणारी चिकटपट्टी) लावतात. डिस्क मेलेली नाही आणि पार्टिशनचाही संबंध नाही.

१६ टीबीला अडकलेलं

ही नवीन तक्रार, आता २० टीबीच्या डिस्क स्टुडिओंत यायला लागल्यापासूनची. १२ टीबीची डिस्क क्लोन (हुबेहूब नक्कल) करून २० टीबीवर घेतली, जीपीटीच आहे, डावा आकडा १८.१ टीबी बरोबर, पण व्हॉल्यूम एक्स्टेंड करताना विंडोज म्हणतं की क्लस्टरची संख्या मर्यादेबाहेर जाईल.

टेबलाची भिंत गेली, आता फाइल सिस्टमची आली. विंडोजमधलं एनटीएफएस ३२ बिटांएवढेच क्लस्टर (फाइली ठेवायचे ठरावीक मापाचे कप्पे) मोजतं आणि क्लस्टर नेहमीचा ४ केबीचा. गुणाकार १६ टीबी. नवी २० टीबीची डिस्क थेट फॉरमॅट केली तर विंडोज स्वतःच मोठा क्लस्टर घेतं, म्हणून तिथे कधी अडत नाही. क्लोनबरोबर मात्र जुना ४ केबीचा क्लस्टर तसाच येतो. माझा सल्ला: क्लोन करू नका. नवी डिस्क कोरी फॉरमॅट करा, क्लस्टर १६ किंवा ६४ केबी घ्या, व्हिडिओच्या मोठमोठ्या फाइलींना तो चालतो, आणि डेटा कॉपी करा. एनटीएफएसचं कॉम्प्रेशन ४ केबीच्या वर चालत नाही, पण व्हिडिओ कॉम्प्रेस करून तसंही काय मिळणार आहे?

लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टममध्येही १६ टीबीला अशीच भिंत होती, ६४बिट हे फीचर बंद असलेल्या जुन्या व्हॉल्यूमवर अजून आहे. २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४३ पासून ते मुळातच चालू असतं. आणि एक्स्ट४ केल्यावर "१६ टीबीमधले ८०० जीबी गायब" वाटले तर ते रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य खात्यासाठी) राखलेले ५ टक्के आहेत. डेटाच्या डिस्कवर ट्यून२एफएस उणे एम ० दिलं की परत मिळतात.

मग टूल कुठलं?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तर थोडं निराशाजनक आहे: बहुतेकांना काहीच डाउनलोड करायची गरज नाही.

विंडोजवर नवी, कोरी डिस्क आणि एकच पार्टिशन हवं असेल तर डिस्क मॅनेजमेंट पुरतं. डिस्कपार्ट (विंडोजमधलंच, आज्ञा टाइप करून चालवायचं टूल) मी तेव्हाच काढतो जेव्हा डिस्कवर जुन्या डीव्हीआरचं (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचं) किंवा नॅसचं (नेटवर्कवरच्या साठवणपेटीचं) काहीतरी चिकटलेलं असतं आणि डिस्क मॅनेजमेंट रुसून बसतं. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क २, मग पुन्हा एकदा लिस्ट डिस्क, आणि तारा योग्य डिस्कसमोर आहे हे बोट ठेवून बघायचं. कारण त्यानंतरची आज्ञा "क्लीन" काहीही विचारत नाही. नक्की का, खरंच का, काही नाही. एंटर, संपलं. मग कन्व्हर्ट जीपीटी. "क्लीन ऑल" मात्र अख्खी डिस्क शून्यांनी भरतं. मोठ्या डिस्कवर त्यात दिवस जातो, आणि पार्टिशन करण्यासाठी त्याची काही गरज नसते.

लिनक्सवर माझा कल जीडिस्ककडे आहे, आणि तो स्वभावामुळे. जीडिस्क आणि एफडिस्क दोघेही तुम्ही "डब्ल्यू" म्हणेपर्यंत फक्त वहीत लिहितात. पार्टेड तसं नाही. एमकेलेबल (नवं टेबल बनव) म्हटलं की केलंच. स्क्रिप्टमध्ये, दूरच्या सर्व्हरवर पार्टेड झकास, "१ एमआयबी ते १०० टक्के" असं सांगितलं की मांडणीही आपोआप ४ केबीच्या सेक्टरला जुळते. पण रात्री बारा वाजता, समोर दुसऱ्याचा डेटा असताना, मला ते हातात नको असतं. जीडिस्कमध्ये "व्ही"ने तपासणी होते, "बी"ने टेबलाची प्रत फाइलमध्ये ठेवता येते, आणि पुढचं टेबल बिघडलं असेल तर "आर"च्या मेनूतून मागच्या प्रतीवरून उभं करता येतं. ते विंडोजवरही चालतं.

एफडिस्कबद्दल एक जुनी सूचना अजून लोक एकमेकांना सांगत असतात, की मोठ्या डिस्कला एफडिस्क वापरू नका. ती एके काळी खरी होती. २०१३ च्या यूटिल-लिनक्स २.२३ पर्यंत एफडिस्कला जीपीटी कळत नव्हतं. आताचं एफडिस्क व्यवस्थित करतं. एखाद्या ऑफिसच्या कोपऱ्यात दहा-बारा वर्षांपूर्वीचा सर्व्हर घरघरत असेल तर आधी आवृत्ती बघा आणि तिथे पार्टेड घ्या.

जीपार्टेड दिसायला छान आणि तेही हिरवी टिक दाबेपर्यंत थांबतं. पण पार्टिशन डावीकडे सरकवणं म्हणजे टेबलातला आकडा बदलणं नव्हे, सगळा डेटा उचलून दुसरीकडे ठेवणं. ८ टीबीवर ते काम तासन्‌तास चालतं आणि मध्येच वीज गेली तर डेटाचं काही खरं नाही. यूपीएस नसेल तर हात लावू नका. खरं सांगायचं तर यूपीएस असला तरी मी सरकवत नाही. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो.

मॅकवर एडिट करणाऱ्यांनी डिस्क युटिलिटीत आधी "शो ऑल डिव्हाइसेस" चालू करावं. नाहीतर फक्त व्हॉल्यूम दिसतो, डिस्क दिसत नाही, आणि स्कीम बदलायचा पर्यायच येत नाही. स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप निवडा, तेच जीपीटी.

सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये टाकायची डिस्क मात्र कुठल्याच टूलने सजवू नका. डीव्हीआर ती आपल्या पद्धतीने स्वतः फॉरमॅट करतो. तिथे एकच गोष्ट बघायची, मॅन्युअलमध्ये एका पोर्टला जास्तीत जास्त किती टीबी लिहिलेत.

आणि "सगळ्या पार्टिशनचा एकच इलाज" म्हणून जुन्या बूट सीडी अजून फिरत असतात, त्या फेकून द्या. त्यांतली बरीचशी टूल जीपीटीच्या आधीची आहेत. अशा टूलला जीपीटी डिस्क ही "ईई" प्रकारचं एकच अनोळखी पार्टिशन दिसते. ते ईई खरं तर "इथे कोणीतरी राहतं, हात लावू नका" अशी पाटी आहे. जुनं टूल पाटी न वाचता घर रिकामं करायला निघतं.

डॉक विकत घेताना

लॅमिंग्टन रोडला जाऊन डॉक मागितला आणि विचारलं, "भैया, आठ टीबी चलेगा ना?" तर उत्तर ठरलेलं आहे: "सब चलता है." मी आता विचारतच नाही. डिस्क बरोबर नेतो. नॅपकिनमध्ये गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, सकाळची गर्दी ओसरल्यावर स्लो लोकलने, ग्रँट रोडला उतरून चालत. दुकानातच लॅपटॉपला डॉक लावायचा, डिस्क बसवायची, डिस्क मॅनेजमेंटमधला डावा आकडा बघायचा. ७४५२ आला की पुढे लिनक्सवर लॉग-सेक बघायचा: ५१२ असेल तर घ्यायचा, ४०९६ असेल तर परत. पाच मिनिटं लागतात. दुकानदार पहिल्यांदा वैतागतो, दुसऱ्यांदा स्वतःच लॅपटॉप पुढे करतो.

याच तपासणीत नकली मालही पकडता येतो, पण आकडा बघून नव्हे. दीड हजारात मिळणारा "१६ टीबी"चा पेनड्राइव्ह डावा आकडा छातीठोकपणे १६ टीबीच दाखवतो, कारण त्याच्या चिपला तेच बोलायला शिकवलेलं असतं. तिथे एफ३प्रोब किंवा एच२टेस्टडब्ल्यू चालवून खरोखर लिहून, परत वाचून बघावं लागतं. डेटा टाकण्याआधी, नंतर नव्हे.

गिरगावच्या त्या फोटोग्राफरच्या नव्या डिस्कवर मी मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवल्यात: थेट साटा, ५१२, जीपीटी. जुन्या केसिंगचं काय केलंस विचारलं तर म्हणाला, भावाला दिलं, त्याच्याकडे एक चार टीबीची पडून होती.

त्याच्या भावाचा नंबर मी सेव्ह करून ठेवलाय.